न्यू जर्सी : लॉन कापून घेण्याचा रास्त दर किती?

उंबरठा

नमस्कार. गेल्या नोव्हेंबरात आम्ही मध्य न्यू जर्सीत, मिडलसेक्स काउंटीत, आमचे पहिले घर घेतले. त्याआधीची अकरा वर्षे अपार्टमेंटमध्ये गेली आणि तिथे गवत कोण कापते, त्याचे पैसे कोण देते, याचा विचार करण्याची वेळ कधी आलीच नाही. आता २०२५चा मार्च संपत आला आहे, मागच्या अंगणात हिरवे दिसू लागले आहे आणि दाराच्या मुठीला दर दोन दिवसांनी एखाद्या लॉन कंपनीची चिठ्ठी अडकवलेली सापडते. आमचा प्लॉट कागदोपत्री ०.३१ एकर आहे. पुढचा भाग रस्त्यापर्यंत सपाट आहे, मागे थोडा उतार आहे, आणि मागच्या हद्दीवर दोन जुने ओक वृक्ष आहेत.

मी तिघांकडून दर मागवले. पहिली कंपनी दर आठवड्याच्या एका फेरीला ४५ डॉलर अधिक कर मागते. दुसरी एप्रिल ते नोव्हेंबर असे आठ महिने दरमहा २१० डॉलर अधिक कर घेणार आहे. तिच्या कागदावर ‘संपूर्ण देखभाल’ एवढेच मोघम लिहिले आहे. तिसरा गृहस्थ स्वतःचा पिकअप ट्रक आणि एक मोअर (गवत कापण्याचे यंत्र) घेऊन आमच्याच भागात काम करतो. तो एका फेरीला ३० डॉलर रोख घेतो आणि पावती देत नाही.

या तीन आकड्यांची आपापसात तुलना कशी करावी, हेच मला उमगत नाही. पंधरा दिवसांनी एकदा कापून घेतले, तर खर्च खरोखर निम्मा होतो का? शिवाय जुलैमध्ये आम्ही पाच आठवडे नाशिकला जाणार आहोत. त्या काळाची व्यवस्था मंडळी कशी करतात, हेही कळले तर बरे होईल.

दहागुंठे

०.३१ एकर हा आकडा आधी बाजूला ठेवावा, कारण गवत तेवढे नाही. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट, म्हणजे आपला प्लॉट सुमारे १३,५०० चौरस फुटांचा, आपल्याकडच्या हिशेबाने साडेबारा गुंठ्यांच्या जरा आत. (माझा पाव एकर म्हणजे बरोबर दहा गुंठे, इथले माझे नाव त्यावरूनच आहे.) यातून घराखालची जागा, ड्राइव्हवे, डेक, फुलझाडांचे वाफे आणि ओकखालचा उघडा भाग वजा केला, की प्रत्यक्ष कापायचे गवत बहुधा नऊ ते साडेनऊ हजार चौरस फूट उरेल. उपग्रह नकाशावर मोजपट्टीची सोय असते. ती वापरून दहा मिनिटांत आपणच हे मोजू शकता. पदपथ आणि रस्ता यांच्यामधली पट्टी मोजायला विसरू नये. ती नगरपालिकेची असली, तरी तिच्यावरचे गवत कापण्याची जबाबदारी सामान्यतः घरमालकावरच येते.

एवढ्या गवताला आमच्या भागात आठवड्याच्या फेरीचा दर मला ४५ ते ६० डॉलरच्या दरम्यान आढळला आहे, आणि त्या मानाने आपला ४५चा दर रास्त आहे. मात्र गवत निम्मे असते, तरी दर निम्मा झाला नसता, हे लक्षात घ्यावे. दोन माणसे आणि मोठे मोअर असेल, तर आपले अंगण वीस-पंचवीस मिनिटांत होते. पण ट्रेलर उभा करणे, यंत्रे उतरवणे, परत चढवणे आणि पुढच्या घरी जाणे यात जवळजवळ तेवढाच वेळ जातो. त्यामुळे प्रत्येक कंपनीचा एक किमान आकडा ठरलेला असतो आणि रुमालाएवढ्या लॉनलाही त्याखाली कोणी येत नाही. न्यू जर्सीत किमान वेतन जानेवारी २०२५पासून ताशी १५.४९ डॉलर झाले, आणि उन्हात दिवसभर राबणारा अनुभवी माणूस त्या दरात टिकत नाही. तात्पुरत्या कामासाठी बाहेरून माणसे आणण्याचा एच-२बी हा व्हिसा वर्षाला ६६,००० या मूळ मर्यादेत मिळतो. तो सर्वाधिक वापरणारा धंदा हाच आहे, यावरून मजुरांची चणचण ध्यानात यावी. त्यात ट्रक, विमा, काही हजार डॉलरचे मोअर आणि हिवाळ्यातला जवळजवळ रिकामा काळ मिळवा. आपण पैसे देतो ते गवताच्या क्षेत्रफळापेक्षा फेरीचे देतो.

यातूनच घासाघीस करण्याची एक जागा निघते. आपल्या गल्लीत कोणाकडे कोणत्या वारी कोणती कंपनी येते, ते पाहावे. ट्रेलर शेजारच्या दारात उभाच असेल, तर आपल्यासाठी वेगळा प्रवास पडत नाही आणि पाच डॉलर सहज कमी होतात. मी असेच केले. त्यासाठी वार मात्र त्यांच्या सोयीचा स्वीकारावा लागला.

आता तुलना. आपल्याकडे एप्रिलच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत साधारण २८ फेऱ्या होतात. पहिल्या कंपनीचे २८ गुणिले ४५ म्हणजे १,२६० डॉलर. दुसरीचे आठ महिन्यांचे १,६८०, म्हणजे फेरीमागे ६० डॉलर. दोन्हींवर ६.६२५ टक्के विक्रीकर लागेल, कारण या राज्यात गवत कापण्याची सेवा करपात्र आहे. म्हणजे ४५चे प्रत्यक्षात ४७.९८ होतात. वरवर पाहता दुसरी ४२० डॉलरने महाग आहे. परंतु ‘संपूर्ण देखभाल’ या शब्दांत वसंतातली सफाई आणि शरदातला पालापाचोळा धरलेला असेल, तर हिशेब उलटू शकतो. दोन जुने ओक असलेल्या अंगणातला पाला एका दिवसात पडत नाही. ओक फार चिवटपणे, नोव्हेंबरच्या अखेरीपर्यंत पाने सोडत राहतात. पाला दोनदा उचलून नेण्याचे वेगळे दर घेतले, तर ते माझ्या माहितीत एका हंगामाला ३०० ते ५०० डॉलर होतात. म्हणून दुसऱ्या कंपनीला चार गोष्टी लेखी विचाराव्यात: पाला किती वेळा उचलणार, उचललेला पाला घेऊन जाणार की रस्त्याच्या कडेला ढीग करून ठेवणार, कडा छाटणे प्रत्येक फेरीत आहे की महिन्यातून एकदा, आणि पावसामुळे चुकलेली फेरी भरून देणार की नाही.

पंधरवड्याने खर्च निम्मा होत नाही. आपल्याकडचे गवत फेस्क्यू, ब्लूग्रास आणि राय या थंडीत वाढणाऱ्या जातींचे असते. ते सुमारे तीन इंचांवर ठेवावे आणि एका वेळी पात्याच्या उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त कापू नये, असा नियम आहे. म्हणजे साडेचार इंच झाले, की कापायचे. मे महिन्यात ही वाढ पाच-सहा दिवसांतच होते. चौदा दिवसांनी येणारा माणूस गुडघ्याकडे निघालेले गवत कापतो, त्याचे ओले ढिगारे लॉनवर पडतात, खालचे गवत पिवळे पडते, आणि वेळ जास्त लागतो म्हणून फेरीचा दर ६० ते ७० सांगितला जातो. उलट जुलै-ऑगस्टच्या उन्हात हेच गवत जवळजवळ झोपी जाते. त्या काळात दर आठवड्याला मोअर फिरवणे निरर्थक तर आहेच, पण गवतालाही अपायकारक आहे. म्हणून मला फेरीवार दर पसंत आहे, कारण कोरड्या आठवड्यांत ‘या वेळी येऊ नका’ असे सांगता येते. मासिक दरात गवत वाढो न वाढो, २१० जातातच.

कुंपणावरून

वरील हिशेबाशी मी सहमत आहे. तिसऱ्या गृहस्थाच्या ३० डॉलरबद्दल मात्र थोडे लिहिणे आवश्यक वाटते, कारण स्वस्त दराचा मोह मलाही झाला होता.

तीन वर्षांपूर्वी आमच्याकडे असाच एक एकटा माणूस येत असे. काम नेटके होते, बोलणे गोड होते. एका शनिवारी मोअरच्या पात्याखालून उडालेला दगड शेजाऱ्यांच्या सरकत्या काचेच्या दारावर बसला. विमा नव्हता. त्याने हळहळ व्यक्त केली, पुढच्या आठवड्यात तो आला नाही, आणि नवीन काचेचे पैसे मी भरले. त्या एका शनिवारी माझी दोन हंगामांची बचत संपली. तरीही ते केवळ काचेवर निभावले. एकट्याने उतारावर मोअर चालवणारा माणूस घसरून पायाला इजा झाली असती, तर प्रकरण कोठपर्यंत गेले असते, याचा विचार मी टाळतो.

म्हणून कोणाशीही ठरवण्यापूर्वी विम्याचे प्रमाणपत्र मागावे. त्यात दोन गोष्टी पाहाव्यात: दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसान भरून देणारा दायित्व विमा आणि कामगारांना इजा झाल्यास लागणारा विमा. प्रमाणपत्र कंपनीने स्वतः छापून देण्याऐवजी तिच्या विमा एजंटकडून थेट आपल्या ईमेलवर यावे. खरी कंपनी हे एका दिवसात करते.

याचा अर्थ एकटे काम करणारा प्रत्येक जण टाळावा असा नाही. आमच्या गल्लीतला सध्याचा माणूसही एकटाच आहे, पण तो विमा बाळगतो, पावती देतो आणि ४० घेतो. वरचे दहा डॉलर कशाचे आहेत, हे आता मला ठाऊक आहे. पैसे देण्याबाबत एवढेच, की संपूर्ण हंगामाची रक्कम आगाऊ देऊ नये आणि झेलसारख्या, बँकेतून थेट पैसे पाठवण्याच्या मार्गाने अनोळखी माणसाला तर मुळीच देऊ नये, कारण ती परत मिळवणे फार अवघड असते.

आणखी एक. कापणीचा दर ठरला, की लगेच खताच्या ‘कार्यक्रमा’चा आग्रह सुरू होईल, त्याचे पैसे पूर्णपणे वेगळे असतात. न्यू जर्सीत २०११च्या कायद्याने खतावर निर्बंध आहेत. पैसे घेऊन खत टाकणारा प्रमाणित असावा लागतो किंवा प्रमाणित माणसाच्या देखरेखीखाली काम करणारा असावा लागतो, आणि माती तपासून गरज सिद्ध झाल्याखेरीज लॉनवर फॉस्फरसयुक्त खत टाकता येत नाही, काही अपवाद सोडले तर. तेव्हा ‘जाता जाता खतही मारून देतो’ असे म्हणणाऱ्याला प्रमाणपत्र विचारावे. कापलेले गवत पिशवीत भरून नेण्यासाठी जादा पाच-दहा डॉलर मागितले, तर नम्रपणे नकार द्यावा. बारीक कापलेले पाते जमिनीवरच कुजले, तर वर्षाच्या नायट्रोजनपैकी साधारण चौथा भाग त्यातूनच परत मिळतो.

डॅलसकर

मी टेक्सासमध्ये राहतो, त्यामुळे आमचे आकडे आपल्याला तसेच्या तसे लागू होणार नाहीत. तरीही तुलनेसाठी लिहितो, कारण इथे अनेक जण नोकरीनिमित्त एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जातात आणि जुन्या ठिकाणचा दर डोक्यात ठेवून नव्या ठिकाणी भांडत बसतात. मी स्वतः तसे केले आहे.

डॅलसच्या उत्तरेकडच्या उपनगरांत प्लॉट लहान आणि सपाट असतात, घरे एकमेकांना चिकटून असतात, आणि एकाच गल्लीत एका कंपनीची आठ-दहा घरे असतात. माझे गवत चार हजार चौरस फुटांच्या आसपास आहे आणि मी ४० डॉलर अधिक ८.२५ टक्के कर देतो. गवत निम्म्याहून कमी असूनही दर आपल्या जवळपासच आहे, यावरून दहागुंठे यांचे किमान आकड्याबद्दलचे म्हणणे पटावे. हंगाम मात्र वेगळा आहे. आमचे बर्म्युडा गवत उष्णतेत फोफावते, म्हणून आपली फेरी जेव्हा वगळता येते त्या जुलै-ऑगस्टमध्येच आम्हाला माणूस दर आठवड्याला लागतो, आणि नोव्हेंबरानंतर ते तपकिरी होऊन मार्चपर्यंत निजते. न्यू जर्सीहून आलेल्या आमच्या एका मित्राने सवयीने जुलैच्या फेऱ्या रद्द केल्या आणि गृहसंकुलाच्या संघटनेकडून उंच गवताची नोटीस ओढवून घेतली.

पाण्याचे स्प्रिंकलर जमिनीत बसवलेले असतील, तर पहिल्या फेरीच्या आधी त्यांच्या तोंडांपाशी छोटे झेंडे खोचून ठेवावेत आणि तुटल्यास भरपाई कोण देणार, हे आधीच ठरवावे. हंगामात एखादे तरी तुटतेच.

खुरपे

दर कोणता रास्त, हे वर आलेच आहे. मी स्वतः कापतो, म्हणून दुसऱ्या बाजूचा हिशेब मांडतो.

गेल्या वर्षी मी बॅटरीवर चालणारे, आपोआप पुढे सरकणारे २१ इंची मोअर, कडा छाटण्याचे यंत्र आणि ब्लोअर असे मिळून साधारण हजार डॉलरला घेतले. पेट्रोलचे होंडाचे मोअर घ्यावे असे फार मनात होते, परंतु होंडाने २०२३मध्ये त्यांचे उत्पादनच थांबवले. पहिल्या कंपनीच्या १,२६० डॉलरशी तुलना केली, तर यंत्रांचे पैसे पहिल्याच हंगामात वसूल होतात. वेळेचा हिशेब मात्र प्रामाणिकपणे करावा. आपल्याएवढ्या अंगणाला २१ इंची मोअरने कडांसह सव्वा तास लागतो. २८ वेळा म्हणजे हंगामाचे ३५ तास, आणि तेही बहुतेक शनिवारच्या सकाळचे, मुलांचे मराठी शाळेचे वर्ग आणि वाणसामान सांभाळून. मला ते आवडते. ज्याला आवडत नाही त्याने केवळ बचतीसाठी यात पडू नये. आमच्या गल्लीत अशी तीन मोअर गराजमध्ये धूळ खात उभी आहेत. वडील भारतातून आले, की ‘एवढ्याशा कामाला पैसे कशाला’ म्हणून मोअर हातात घेतात, हा प्रसंग अनेक घरांत येत असेल. सपाट भागावर हरकत नाही. आपल्याकडे उतार आहे. तिथे घसरण्याचा धोका असतो आणि पाहुण्यांचा प्रवासी विमा कुठे अपुरा पडतो, ते आधी वाचून ठेवावे.

आता नाशिकच्या पाच आठवड्यांबद्दल, कारण तिथे मी हात पोळून घेतले आहेत. दोन वर्षांपूर्वी ‘जुलैत गवत वाढत नाही’ या भरवशावर मी कोणालाही न सांगता पुण्याला गेलो. त्या वर्षी जुलैत भरपूर पाऊस झाला. परतलो तेव्हा दारावर नगरपालिकेची नोटीस होती. बऱ्याच गावांत आठ, दहा किंवा बारा इंचांवर गवत गेले, की अशी नोटीस येते, आणि मुदतीत कापले नाही, तर नगरपालिका स्वतः कापून बिल लावते. मी घाईने फोन केले. एकदाच येण्यासाठी कंपन्या तयार नव्हत्या. जी तयार झाली तिने १२० डॉलर घेतले, कारण वाढलेले गवत दोनदा, आधी उंचावर आणि मग खाली, कापावे लागते. घरात कोणी नाही, हे पूर्ण गल्लीला कळले ते वेगळेच.

आपण कंपनी लावणारच असाल, तर प्रश्न सोपा आहे. त्या पाच आठवड्यांसाठी ‘दहा दिवसांनी एकदा या, गवत चार इंचांच्या खाली असेल तर कापू नका, आल्याचा फोटो पाठवा’ असे लेखी सांगावे. फाटकाला कुलूप असल्यास किल्ली किंवा आकडे कोणाकडे असतील, तेही ठरवावे. नाहीतर फक्त पुढचे अंगण कापून पूर्ण पैसे लावले जातात.

उंबरठा

सर्वांचे मनापासून आभार. गेल्या चार दिवसांत जे केले ते नोंदवतो, म्हणजे पुढे कोणाला उपयोग झाला तर होईल.

नकाशावर मोजल्यावर गवत ९,२०० चौरस फूट भरले, रस्त्यालगतची पट्टी धरून. दुसऱ्या कंपनीला चार प्रश्न लेखी विचारले. उत्तर असे आले, की ‘संपूर्ण देखभाली’त वसंताची सफाई आहे, शरदात पाला एकदाच उचलतील, तोही ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात, आणि ढीग रस्त्याच्या कडेला ठेवतील. आमचे ओक तेव्हा अर्धेही रिकामे झालेले नसतील. पावसाची फेरी भरून देणार नाहीत. त्यामुळे तो पर्याय मी सोडला.

तिसऱ्या गृहस्थांना विम्याबद्दल विचारले. ते हसले आणि ‘वीस वर्षांत कधी काही झाले नाही’ असे म्हणाले. त्यांच्यावर माझा राग नाही, पण मागच्या उताराकडे पाहून मी थांबलो.

पहिल्या कंपनीच्या एजंटकडून प्रमाणपत्र दुसऱ्याच दिवशी आले. मग असे लक्षात आले, की समोरच्या घरी गुरुवारी येणारा ट्रेलर त्यांचाच आहे. गुरुवार चालत असेल, तर दर आठवड्याला ४२ डॉलर अधिक कर, असे ठरले. जुलै-ऑगस्टमध्ये आदल्या दिवशी दुपारपर्यंत कळवले, तर फेरी वगळता येईल, आणि पाला उचलण्याचा दर ते सप्टेंबरात ओकखाली उभे राहून देणार आहेत. खताला तूर्त नाही म्हटले आहे. पहिली फेरी १७ एप्रिलला आहे. त्याआधी मागच्या फाटकाची रुंदी मोजून कळवायला सांगितले आहे, कारण त्यांचे मोठे मोअर ४८ इंचांचे आहे आणि फाटक अरुंद निघाले, तर मागचा भाग छोट्या मोअरने करावा लागेल व दर पुन्हा ४५ होईल. आज संध्याकाळी मोजतो.

दहागुंठे

मोजताना फाटक पूर्ण उघडून दोन खांबांमधले अंतर घ्यावे; बिजागरीच्या बाजूला दोन-तीन इंच नेहमी कमी पडतात. आमचे ४७ भरले होते.